अँग्लिकन परंपरा आणि आपली मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडून विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गातली मुलं, लग्न होऊन आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आलेल्या सुना आणि जावई, नाताळच्या रात्री मागच्या बाकावर येऊन बसणारे शेजारी यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. उत्तरं महाराष्ट्रातल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या, मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

अँग्लिकन म्हणजे नेमके कोण?

सोळाव्या शतकात इंग्लंडमधली मंडळी रोमच्या पोपच्या अधिकारातून बाहेर पडली. तिच्यातून पुढे जगभर ज्या मंडळ्या वाढल्या, त्या सगळ्या मिळून अँग्लिकन कुटुंब होतं. आज त्यात चाळीसहून अधिक स्वायत्त प्रांत आहेत, आणि सर्वांत जास्त सभासद आफ्रिकेत, विशेषतः नायजेरिया आणि युगांडात आहेत. कँटरबरीच्या आर्चबिशपना या कुटुंबात वडीलकीचा मान आहे. ते सगळ्या बिशपांना लॅम्बेथ परिषदेला बोलावतात. पहिली परिषद १८६७ मध्ये भरली. पण दुसऱ्या प्रांतात त्यांचा हुकूम चालत नाही. पोपसारखी सत्ता या परंपरेत कोणाकडेच नाही, आणि तिचं बळ आणि तिची अडचण दोन्ही त्यातूनच येतात.

आठव्या हेन्रीला दुसरं लग्न करायचं होतं म्हणून हा पंथ निघाला, असं शाळेत शिकवलं. खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. हेन्रीला कॅथरीनशी झालेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरवून हवं होतं. पोपनी ते केलं नाही. कॅथरीन ही सम्राट पाचव्या चार्ल्सची मावशी होती आणि त्या काळात पोपवर चार्ल्सचा मोठा दबाव होता. शेवटी १५३४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून राजालाच इंग्लंडच्या मंडळीचा प्रमुख ठरवलं.

पण इथे राज्यकारभाराची गोष्ट संपते. श्रद्धेची अजून सुरूही झालेली नसते. हेन्रीची स्वतःची उपासना शेवटपर्यंत लॅटिनमध्येच होती. १५३९ च्या कायद्याने त्याने धर्मगुरूंच्या लग्नावर बंदीही घातली. खरा बदल घडवला तो आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी. हेन्रीनंतर लहानगा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि १५४९ मध्ये क्रॅनमर यांचं इंग्रजी प्रार्थनापुस्तक देशभर लागू झालं. शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत सगळे पहिल्यांदाच एका पुस्तकातून, आपल्या भाषेत उपासना करू लागले. १५५२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. मग मेरी राणी झाली आणि तिने देश पुन्हा रोमकडे नेला. क्रॅनमर यांनी तुरुंगातल्या दडपणाखाली आपली मतं मागे घेतल्याच्या कागदांवर सह्या केल्या. तरीही त्यांना जाळण्याची शिक्षा झाली. २१ मार्च १५५६ या दिवशी ऑक्सफर्डमध्ये त्यांनी त्या सह्या सर्वांसमक्ष नाकारल्या आणि ज्या उजव्या हाताने सह्या केल्या होत्या तो हात आधी आगीत धरला. १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात प्रार्थनापुस्तक परत आलं, आणि १६६२ ची आवृत्ती इंग्लंडच्या मंडळीत आजही अधिकृत आहे.

तेव्हा आपली परंपरा एका राजाच्या लग्नापासून मोजायची की ज्या पुस्तकासाठी माणसं जिवाला मुकली त्या पुस्तकापासून, हे ज्याने त्याने ठरवावं. मी पुस्तकापासून मोजतो.

मग आपण कॅथलिक की प्रोटेस्टंट?

दोन्हींचा वारसा आपल्याकडे आहे. प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला घेण्याच्या संस्कारात, भाकर देताना म्हणायचे शब्द पाहिले की हे लगेच कळतं. १५४९ च्या पुस्तकात धर्मगुरू म्हणत असे की, तुझ्यासाठी दिलेलं प्रभू येशूचं शरीर तुझ्या देहाचं आणि आत्म्याचं सार्वकालिक जीवनासाठी रक्षण करो. भाकरीत प्रभू खरोखर उपस्थित आहे, असं मानणाऱ्याला हे शब्द जवळचे वाटतात. १५५२ मध्ये ते काढून टाकले आणि त्याऐवजी आले: ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याची आठवण म्हणून हे घे, खा, आणि विश्वासाने आपल्या अंतःकरणात त्याचा आस्वाद घे. इथे भर स्मरणावर आणि विश्वासावर आहे. १५५९ मध्ये दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडली गेली. तेव्हापासून एकाच कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकलेली, मतांनी वेगळी असलेली दोन माणसं तीच भाकर घेतात आणि दोघांच्याही कानावर आपलं वाक्य पडतं.

याला कोणी तडजोड म्हणतं. मला ही या परंपरेची सर्वांत मोठी शहाणीव वाटते. देवाच्या मेजावरून कोणाला उठवायचं नसेल, तर मेजावरचे शब्दच मोठ्या मनाचे लागतात.

आपल्या श्रद्धेचा आधार काय?

पवित्र शास्त्र पहिलं. तारणासाठी जे लागतं ते सगळं शास्त्रात आहे, आणि जे त्यात नाही किंवा त्यावरून सिद्ध होत नाही ते कोणावरही लादता येत नाही, असं इंग्लंडच्या मंडळीची शिकवण मांडणाऱ्या एकोणचाळीस कलमांमधलं सहावं कलम सांगतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज धर्मशास्त्रज्ञ रिचर्ड हूकर यांनी याची नीट मांडणी केली: शास्त्राचा शब्द सर्वांत वर, मग देवाने दिलेला विवेक, मग मंडळीची परंपरा. अलीकडे या तिघांना एकाच मापाने तोलायची सवय लागली आहे. हूकर यांनी तसं केलेलं नाही.

१८८८ च्या लॅम्बेथ परिषदेने मंडळ्यांच्या ऐक्यासाठी चारच गोष्टी आवश्यक धरल्या: पवित्र शास्त्र, प्रेषितांचा आणि निकीयाचा असे दोन मतांगीकार (म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली), बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार, आणि ऐतिहासिक बिशपपद. ही चौकट लक्षात ठेवा. पुढे नागपूरच्या गोष्टीत ती कामाला येते.

छापील प्रार्थना वाचून मन कसं लागणार? प्रार्थना मनातून यायला नको का?

हा प्रश्न तरुण मुलं हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे.

मनातून येणारी प्रार्थना हवीच. पण मन रोज भरलेलं नसतं. दुःखात, आजारपणात, कोरडेपणात शब्द सुचत नाहीत, तेव्हा दुसऱ्याने घडवून ठेवलेले शब्द हाताशी असावे लागतात. वारकरी रोज नवा हरिपाठ रचत नाही. रोज तोच म्हणतो, आणि म्हणून तो त्याच्या श्वासात उतरतो.

उपासनेच्या सुरुवातीची शुद्धतेची प्रार्थना घ्या. क्रॅनमर यांनी ती जुन्या लॅटिन उपासनेतून इंग्रजीत आणली. आधी देवाला हाक: सर्वसमर्थ देवा. मग तो कसा आहे ते: तुझ्यापुढे सगळी अंतःकरणं उघडी आहेत, सगळ्या इच्छा तुला ठाऊक आहेत, तुझ्यापासून काहीच लपलेलं नाही. मग मागणं: आमच्या मनातले विचार शुद्ध कर. मग ते कशासाठी: म्हणजे आम्ही तुझ्यावर पूर्ण प्रेम करू. आणि शेवटी, आमचा प्रभू ख्रिस्त याच्या द्वारे. अवघी एक प्रार्थना, पण मागायच्या आधी आपण कोणापुढे उभे आहोत याचं भान ती देते. घरी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतानाही हाच क्रम धरून पाहा. मागण्यांची नुसती यादी वाचून दाखवायची सवय आपोआप सुटते.

दुसरं उदाहरण सकाळच्या प्रार्थनेतल्या पापांगीकाराचं. जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही, आणि जे करायला नको होतं ते केलं. इथे न केलेल्या गोष्टी आधी येतात. आपण साधारणपणे पाप म्हणजे केलेली वाईट गोष्ट धरतो: खोटं बोललो, रागावलो. ही प्रार्थना आधी विचारते की, भेटायला जायचं होतं त्या आजाऱ्याकडे गेलास का? भावाशी अबोला धरलास तो सोडलास का? हे वाक्य तोंडपाठ असलेल्या माणसाला ते कुठल्या क्षणी अडवेल, सांगता येत नाही. मुलांकडून ते पाठ करून घ्यायलाच हवं, असं मला फार वाटतं.

आणि हे शब्द किती दूर जातात ते पाहा. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या जेकब वेनराइट या तरुणाने. तो शिकला होता आपल्या नाशिकला, शरणपूरच्या मिशन शाळेत.

शरणपूर? आफ्रिकन मुलं नाशिकला कशी आली?

अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार अडवत असे, आणि सुटलेल्या मुलांपैकी काहींना मुंबईला उतरवत असे. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती उभारली होती. तिथे ही मुलं मराठी मुलांबरोबर वाढली. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकली. त्यातली बरीच पुढे पूर्व आफ्रिकेत परतली आणि तिथल्या अँग्लिकन मंडळ्यांच्या पायाभरणीत सामील झाली. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टन यांचं दफन झालं तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांमध्ये जेकब वेनराइटही होता. आज शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या नाशिककरांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

महाराष्ट्रात ही परंपरा इंग्रजांबरोबर आली. मग ती साम्राज्याचीच मंडळी नव्हती का?

सुरुवात तशीच आहे. मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ च्या नाताळात उघडलं, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज वस्तीसाठी. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच पडलं, कारण किल्ल्याचा एक दरवाजा त्या चर्चच्या बाजूला होता. कुलाब्याचं अफगाण चर्च तर पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं आहे. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचल्या की कोणाची सत्ता होती ते वेगळं सांगावं लागत नाही. हा वारसा आपल्या माथी आहे. तो लपवू नये.

पण त्याच छपराखाली आपली माणसंही होती, आणि ती होयबा नव्हती. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून ते शास्त्र वाचू लागले आणि १८४८ मध्ये नेहेम्या या नावाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शनांवर त्यांनी अधिकाराने लिहिलं, आणि पुढे पुण्यातही त्यांनी काम केलं.

पंडिता रमाबाईंवर गोरे यांच्या लिखाणाचा परिणाम झाला. पुण्यात भेटलेल्या वाँटिजच्या अँग्लिकन भगिनींकडे त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचा त्यांचा पत्रव्यवहार प्रत्येक ख्रिस्ती तरुणीने वाचावा. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल), मंडळीच्या अधिकाराबद्दल त्या आपल्या गुरुभगिनींना थेट प्रश्न विचारत राहिल्या. मी ख्रिस्ताची झाले आहे, माझी सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूला वाहिलेली नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या कुठल्याच एका पंथात मावल्या नाहीत. तरीही इंग्लंडच्या मंडळीने आपल्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणासाठी ठेवला आहे. आपल्या किती मंडळ्यांत तो पाळला जातो?

पुण्याचं पंच हौद मिशन तर इतिहासाच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहे, पण ते चहापुरतंच. १८९० मध्ये तिथल्या कार्यक्रमाला रानडे, टिळक आणि इतर पुणेकर मंडळी गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्या आवारातलं पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटामनोरा आजही उभा आहे, आणि तिथे मराठीत उपासना चालते.

भारतीयांच्या हाती अधिकार यायला मात्र अक्षम्य उशीर झाला. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरय्या यांचा अभिषेक १९१२ चा. त्याआधी दोन वर्षं एडिंबरोच्या जागतिक परिषदेत त्यांनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं की, तुम्ही आमच्यासाठी सर्वस्व दिलंत, आता आम्हाला मित्र द्या. इंग्लंडच्या मंडळीशी असलेला कायदेशीर संबंध १९३० मध्ये सुटला.

सीएनआय म्हणजे अँग्लिकनच ना?

नाही, पण अँग्लिकन कुटुंबाची पूर्ण सभासद आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन; काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांची आधीच जुळलेली संयुक्त मंडळी; बाप्टिस्ट; ब्रदरेन; डिसायपल्स; आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले.

सर्वांत अवघड गाठ होती बिशपपदाची. ज्यांच्यावर बिशपने कधी हात ठेवले नाहीत अशा पाळकांची दीक्षा खरी मानायची का? १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं तेव्हा आहेत त्या सगळ्या पाळकांना तसंच स्वीकारलं आणि पुढच्या दीक्षा बिशपच्या हातून होतील असं ठरलं. त्यावर इंग्लंडमधल्या अनेक अँग्लिकनांनी तिच्याशी वर्षानुवर्षं पूर्ण सहभागिता ठेवली नाही. नागपूरला वेगळी वाट काढली. सर्व परंपरांच्या सेवकांनी प्रार्थनेसह एकमेकांवर हात ठेवले. कोणाकडे काय कमी होतं, हा हिशेब देवावर सोडला. मला हे कृत्य भारतीय मंडळीने जगाला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक वाटतं.

म्हणून आज नगरकडच्या काँग्रिगेशनल वळणाच्या गावमंडळीत नारायण वामन टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर रंगतात, मुंबईच्या जुन्या चर्चमध्ये धूप आणि झगे दिसतात, आणि दोन्हीकडचे पाळक एकाच मंडळीचे असतात.

लहान बाळाचा बाप्तिस्मा योग्य की मोठेपणी?

सीएनआयमध्ये दोन्ही मान्य आहेत. बाळाचा बाप्तिस्मा केला तर पुढे दृढीकरणात ते स्वतः विश्वास कबूल करतं. बाप्टिस्ट वळणाच्या घरांत बाळाचं अर्पण होतं आणि बाप्तिस्मा समजत्या वयात. एकदा झालेला बाप्तिस्मा मात्र पुन्हा करत नाहीत.

पाळक लग्न करू शकतात का?

हो. बिशपही.

बिशपला एवढा अधिकार कशाला?

बिशप म्हणजे प्रेषितांच्या शिकवणुकीचा राखणदार आणि एका गावच्या मंडळीला दुसऱ्या गावाशी, दुसऱ्या शतकाशी जोडणारा माणूस, अशी मूळ कल्पना आहे. सीएनआयमध्ये तो एकटा राज्य करत नाही. धर्मप्रांताच्या परिषदेत आणि सिनडमध्ये, म्हणजे सगळ्या सीएनआयच्या सर्वोच्च सभेत, पाळकांबरोबर सामान्य सभासदांनाही मत असतं.

कागदावर हे असं आहे. प्रत्यक्षात आपल्या देशात मंडळ्यांच्या जमिनींवरून खटले चालतात, निवडणुकांत गट पडतात, आणि साध्या सभासदाला हिशेब मिळत नाही. याने फार मनस्ताप होतो. उपाय मात्र परंपरेतच आहे: सभासदांनी पाळकमंडळाच्या सभेला बसावं, ताळेबंद मागावा, निवडणुकीला उभं राहावं. रविवारच्या उपासनेइतकंच हेही मंडळीचं काम आहे.

स्त्रिया पाळक आणि बिशप होऊ शकतात का?

होऊ शकतात. अँग्लिकन जगात पहिली स्त्री धर्मगुरू झाली ती आशियात. जपानी आक्रमणामुळे मकावमध्ये कोणी धर्मगुरू पोहोचू शकत नव्हता, तेव्हा हाँगकाँगच्या बिशपांनी १९४४ मध्ये फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर एवढा गदारोळ झाला की त्यांना ते काम थांबवावं लागलं. इंग्लंडमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद १९९४ मध्ये मिळालं आणि बिशपपद २०१५ मध्ये. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्येच पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं, म्हणजे इंग्लंडच्या आधी. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सेरा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या पदावरची ही पहिलीच स्त्री, आणि मूळच्या परिचारिका. आपल्या मिशन इस्पितळांतून घडलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी परिचारिकांना याचा किती आनंद झाला असेल!

अँग्लिकन जगात फूट पडली आहे, असं ऐकतो. कशावरून?

वरवर पाहता समलिंगी संबंधांवरून. २००३ मध्ये अमेरिकेत जीन रॉबिन्सन यांना बिशप केलं, ते उघडपणे समलिंगी जोडीदाराबरोबर राहत होते. २००८ मध्ये जेरुसलेमला परंपरावादी बिशपांची गॅफकॉन परिषद भरली. २०२३ मध्ये इंग्लंडच्या मंडळीने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट दिली, आणि आफ्रिका व आशियातल्या अनेक प्रमुखांनी कँटरबरीचं वडीलपण नाकारलं. खोलवरचा प्रश्न अधिकाराचा आहे: शास्त्राचा अर्थ कोणी लावायचा, आणि एका प्रांताने घेतलेल्या निर्णयाचा भार दुसऱ्याने किती सोसायचा?

यात आपल्या घरातल्या मुलामुलींचाही प्रश्न आहे, हे विसरून वाद घालू नये. कोणत्याही बाजूचं मत असो, मंडळीत कोणाचा अपमान होता कामा नये.

मी दुसऱ्या मंडळीचा आहे, किंवा ख्रिस्तीच नाही. उपासनेला आलो तर चालेल का?

जरूर या. चप्पल-बूट काढायचे की नाही, हे गावागावांत वेगळं असतं. दाराशी पाहा आणि तसं करा. बायकांनी डोक्यावर पदर घेण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे, सक्ती नाही. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, गुडघे कधी टेकायचे हे शेजारच्याकडे पाहून कळतं. न जमलं तर बसून राहा.

प्रभुभोजनाला दुसऱ्या मंडळीतल्या बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने यायचं असेल तर उपासनेआधी पाळकांना सांगावं. कठड्याशी गुडघे टेकून उजवा तळवा डाव्यावर ठेवायचा, भाकर तळव्यावर मिळते, मग प्याला पुढे येतो. जे भाकर घेत नाहीत त्यांनी हात छातीशी दुमडून यावं. पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. उपासना संपल्यावर लगेच निघू नका. बाहेर चहा असतो.